परबकाकूंची राई

रस्त्यात मोठं झाड आलं की परबकाकू चपला काढायच्या. चपला हातात घेऊन झाडाची सावली संपेपर्यंत अनवाणी चालायच्या आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पायात घालायच्या. हे सगळं दमदमच्या भर बाजारात, मागून रिक्षा, पुढून बॅटरीवरची टोटो आणि मधे मासळीच्या पाण्याचं डबकं. त्यांच्याबरोबर भाजीला जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा न राहवून विचारलंच, काकू, हे काय देऊळ आहे का? तर म्हणाल्या, "आमच्या राईत चप्पल घालून कोणी जात नाही गो. आता इथल्या झाडाने काय घोडं मारलंय?" यावर काय बोलणार, कपाळ!

मी बँकेत. बदली होऊन कोलकात्याला आले ती तोंड वाकडं करूनच. दमट हवा, घामाच्या धारा, आणि वर सगळी भाषा तोंडात रसगुल्ला धरून बोलल्यासारखी. माझ्या खालच्या मजल्यावर परबकाकू राहतात हे कळलं तेव्हा निदान मराठीत कुरकुर करायची सोय झाली. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, निवृत्त होऊन इथेच राहिले आणि इथेच गेले. मूलबाळ नव्हतं. काकूंनी मग सामान आवरलं नाही. एवढ्या वर्षांत इथल्या मासळीवाल्यांना वळण लावलंय, ते कोणाच्या भरवशावर सोडू, असं म्हणायच्या. त्यांचं बंगाली म्हणजे मालवणीलाच बंगाली शेपूट लावलेलं, पण बोलायच्या अशा ठणकावून की समोरच्याला स्वतःचंच बंगाली चुकतंय की काय असं वाटावं.

त्यांचं सासर सिंधुदुर्गातलं, घाटाच्या पायथ्याचं एक लहानसं गाव. तिथे गावाच्या देवाची राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जंगल. त्यात भर दुपारी अंधारून येतं म्हणे. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली रानजायफळाची मुळं, वर धनेशाच्या पंखांचा आवाज आणि मधून वाहणारा व्हाळ. त्याच ओढ्याचं पाणी सगळा गाव पितो. देव म्हणजे एक साधा पाषाण, डोक्यावर छप्पर नाही. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी आणत नाही. हे सगळं मी काकूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी शेवटी मीच त्यांना वाक्यं पुरवायची.

तर या राईवर गदा आली. एका ठेकेदाराने गावाला सांगितलं की देवाला स्लॅबचं मोठं देऊळ मी बांधून देतो, त्याच्या बदल्यात राईतली झाडं मला द्या. गाव हुरळलं. काकूंचे चुलत दीर तात्या, गावातले मुख्य मानकरी, त्यांच्याच हातात सगळं होतं, आणि ते देवळाच्या बाजूचे. दिवाळी झाली की देवाला कौल लावायचा, म्हणजे पाषाणावर फुलं चिकटवून विचारायचं, आणि उजवं फूल पडलं की कुऱ्हाड चालवायची, असं ठरलं. काकू रोज संध्याकाळी फोनवर तात्यांशी भांडायच्या. एकदा मी समोरच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. तात्या शांतपणे म्हणाले, "वैनी, तू स्लॅबाखाली ऱ्हवतंस आणि देवान मात्र पावसात भिजाचा?"

काकूंनी फोन ठेवला. मग मान वर करून स्वतःच्याच छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी गावाहून बातमी आली की ठेकेदाराची माणसं झाडांना खुणा करून गेली. काकूंचा धीरच सुटला. समोरच्या फ्लॅटमधले तपनदा मासळीची पिशवी घेऊन जिना चढत होते. हे आमच्या पाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, क्लबचे सेक्रेटरी, दुर्गापूजेचे सर्वेसर्वा, माणूस मोठा उत्साही. त्यांना पाहून काकू रडत म्हणाल्या, "तपन, ओरा आमादेर राईके केटे फेलबे." म्हणजे, ते आमच्या राईला कापून टाकणार. आता बंगालीत राई हे राधेचं लाडकं नाव. घरोघरी राई नावाच्या मुली असतात. तपनदांच्या हातातली पिशवी तिथेच पडली.

मी बँकेतून आले तर जिन्यात ही गर्दी. क्लबची पोरं, वरच्या मजल्यावरचे वकील, दोन-तीन बायका काकूंना पाणी पाजताहेत, एक जण ओळखीच्या पोलिसाला फोन लावतोय. कोणीतरी विचारलं, माशीमा, म्हणजे मावशी, राईचं वय काय? काकूंनी डोळे पुसून सांगितलं की कोण जाणे, माझ्या आजेसासूच्याही आधीची आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या म्हाताऱ्या बाईच्या जिवावर कोण उठलंय, हे काही कोणाला उमगेना. शेवटी मीच मधे पडून राई म्हणजे काय ते सांगितलं. तपनदा जिन्यावर बसले आणि पोट धरधरून हसले. वकीलसाहेब जरा रागावूनच वर गेले.

हसून झाल्यावर तपनदांनी काकूंना विचारलं की माशीमा, या राईत आहे तरी काय? काकू सांगत बसल्या. गारंबी, गुडघ्यांची मुळं, व्हाळ, पाषाण, सगळं. तपनदांचा चहा गार झाला. त्या वर्षीच्या पूजेच्या मांडवाच्या सजावटीला विषय सुचत नाही म्हणून ते महिनाभर हैराण होते. आता विषय त्यांच्यासमोर बसून पदराला नाक पुसत होता.

मग काय विचारता! मेदिनीपूरहून कारागीर आले. बांबूचे बुंधे उभे राहिले, तागाचे दोर पिळून गारंबी झाली, मातीची मुळं झाली. काकू सकाळी सातला जाऊन उभ्या. हे असं नाही, ते तसं नाही, वेल डावीकडून चढते, गुडघा एवढा सरळ नसतो. एका कारागिराने तर त्यांना पाहून शिडीवरून खाली उतरायचंच सोडलं. देवीवरून मात्र जोराची खडाजंगी झाली. काकूंना पाषाण हवा होता आणि डोक्यावर छप्पर नको होतं. तपनदा म्हणाले, माँ नसेल तर पूजा कसली, आणि छप्पर नसेल तर पहिल्याच सरीत मातीची माँ विरघळेल. काकू दिवसभर फुगून बसल्या. संध्याकाळी स्वतःच येऊन म्हणाल्या, "घाला छप्पर. मातीची आहे ती, पाषाण भिजतो तशी थोडीच भिजेल." पण एक अट त्यांनी सोडली नाही. आत यायचं तर चपला बाहेर.

तपनदांनी डोक्याला हात लावला. अष्टमीच्या गर्दीत लोकांच्या चपला कोण सांभाळणार? पण काकूंपुढे कोणाचं चाललंय का कधी? आणि तात्यांना पूजेला बोलवायचं हेही त्यांनीच ठरवलं. भांडण राहू दे बाजूला, कालीघाटला कालीमातेचं दर्शन करून जा, असा निरोप धाडला. तात्या आले. पांढरी टोपी, धोतर, हातात गावच्या सोलांची पिशवी. मी आणि काकू त्यांना अष्टमीच्या संध्याकाळी मांडवात घेऊन गेलो.

बाहेर चपलांचा डोंगर झाला होता. नवे कोरे बूट, जरीच्या मोजड्या, पोरींच्या उंच टाचा, सगळं चिखलात एकत्र. आणि रांगच्या रांग अनवाणी आत जात होती, न बोलता. तात्या दाराशी थबकले. आत गेल्यावर तर त्यांनी मान वर केली ती खाली घेईनात. एक म्हातारी बंगाली बाई बांबूच्या बुंध्याला कपाळ टेकवत होती. तात्यांची टोपी पाहून तिने मोडक्या हिंदीत विचारलं की हे कुठलं आहे. तात्या म्हणाले, हमारा गाँव. तिने त्यांचा हात धरला.

"असलीवाला अभी है ना, बाबा?"

तात्यांनी पुन्हा एकदा वर बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, काकू मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. शेवटी ते "है" म्हणाले, आणि बाहेर येऊन त्या डोंगरात आपल्या चपला शोधायला लागले. काकूंनीच त्या शोधून त्यांच्यापुढे ठेवल्या.

दिवाळीनंतर तात्यांचा फोन आला. त्यांनी कौल लावलाच नव्हता. गावाला सांगितलं की देवळाचं नंतर बघू, राई तुटणार नाही, आणि ज्याला विचारायचं असेल त्याने मला विचारावं. ठेकेदार खुणा तशाच टाकून गेला. काकू फोन कानाला लावून हसत होत्या आणि डोळे गळत होते.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. दमदममध्ये आमची राई समिती झाली, त्यात आम्ही चार मराठी घरं आणि बाकी सगळा तपनदांचा क्लब. गावातल्या लोकांनी राखणीच्या पाळ्या लावल्या. उन्हाळ्यात वणवा लागतो, चोरून तोडही होते, म्हणून प्रत्येक घराने आळीपाळीने राईत पहारा द्यायचा. राईच्या कडेला पडलेल्या बिया रुजवून रोपं करायची, उघड्या पडलेल्या बाजूला लावायची. आम्ही कोलकात्याहून दरवर्षी जाऊन खड्डे खणायला लागलो. काकू तर परबांच्या घराची पाळी म्हणून अख्खा एप्रिल तिथेच काढायच्या. काळ्या ठिक्कर पडून परत यायच्या आणि आल्या आल्या मासळीवाल्याशी भांडायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजारी पडल्या आणि आठवड्याभरात संपलंच. माणूस एवढा पटकन जातो याचा मला अजूनही राग येतो. मी खूप रडले. परत जायला केलेला बदलीचा अर्ज मागे घेतला होता तो काकूंच्याच जिवावर, आता दमदममध्ये मी कोणाशी कुरकुर करू?

मार्चमध्ये समितीतले आम्ही सगळे गावी गेलो. काम सुरू करायच्या आधी पाषाणासमोर तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तपनदांना मालवणीचं एक अक्षर कळत नाही, पण हे त्यांना भारी आवडलं. पाऊस पडू दे, व्हय म्हाराजा. पोराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. मग तात्या जरा थांबले.

"म्हाराजा, तुझ्या राईची एक राखणदारीण तुझ्याकडे इली. तिची पाळी रिकामी पडली हा. ती कोण घेता, तां तूच दाखय."

इथे कोणीच काही म्हणायचं नव्हतं, जो बोलेल त्याच्या गळ्यात पाळी. सगळे खाली मान घालून उभे होते. आणि त्या शांततेत तपनदा एकटेच खणखणीत ओरडले, "व्हय म्हाराजा!"

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. तात्या हसले नाहीत. त्यांनी पाषाणाला हात जोडले आणि म्हणाले, "देवान दाखयल्यान." मी तपनदांना बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही काय करून बसलात, एप्रिलचा अख्खा महिना या उकाड्यात इथे पहारा द्यावा लागेल, आणि चुकून बोललात असं मी त्यांना समजावते, ते ऐकतील. तपनदांनी चष्मा काढून पुसला. मग तात्यांकडे गेले आणि बंगालीतच विचारलं, "माशीमा कोथाय बोशतेन?"

तात्यांना बंगाली येत नाही. पण माशीमा कुठे बसायच्या, हा प्रश्न त्यांना कळला. त्यांनी व्हाळाकाठच्या एका मुळाकडे बोट दाखवलं, आणि तपनदा जाऊन तिथे बसले.