आमच्या वाड्यावर रोग कुणी आणला

विषाणू कुठून आला यावर जगभर वाद चालू होता, तेव्हा पार्से गावातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, तो वाद मिटलासुद्धा होता. रोग माझ्या आईने आणला, असे ठरले होते. मोपाच्या पठारावर विमानतळाचे बांधकाम चालले होते, तिथल्या कामगारांच्या खानावळीत आई स्वयंपाकाला जायची. ठेकेदाराने सगळ्यांची तपासणी करवली. त्यात आई सापडली आणि आरोग्य केंद्राची गाडी वाड्यावर पहिल्यांदा आली ती आमच्या दारात.

आई बरी झाली. तोंडावर कुणी काही बोलले नाही. पण पौषात धालो आले. धालो म्हणजे आमच्याकडच्या बायकांचा खेळ. वाड्याच्या मांडावर, म्हणजे खेळासाठी राखलेल्या पवित्र अंगणात, समोरासमोर ओळी धरून त्या गातात, नाचतात. पहिले गाणे नेहमी आई उचलायची. मांड सारवायला जाताना बायका दारोदार एकमेकींना हाक मारत जातात. त्या वर्षी आमच्या दारावरून त्या गप्प गेल्या. पुढल्या पौषातही तसेच. मुखपट्ट्या गेल्या, माणसे पुन्हा गर्दी करू लागली, तरी आईला हाक आली नाही. ती म्हणायची, "माझे गुडघे दुखतत." गुडघे दुखत नव्हते.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. प्राणिशास्त्राच्या वर्गात सरांनी हा वाद शिकवला. काही शास्त्रज्ञ म्हणतात, विषाणू जनावरांतून माणसांत आला. काही म्हणतात, प्रयोगशाळेतून निसटला असेल. नक्की पुरावा अजून हाती नाही. सर म्हणाले, सुरुवातीचे रोगी जनावरांच्या बाजाराजवळ सापडले खरे, पण शोधही तिथेच जास्त घेतला गेला नसेल कशावरून? हेही वादाचेच. मी वहीत लिहायचे थांबले. मला आमच्या दारातली ती गाडी आठवली.

मार्गशीर्षात देवळाचा उत्सव असतो. महाप्रसादानंतर दुपारी सभामंडपात मुलांच्या भाषणांची स्पर्धा असते. मी नाव दिले. आईला विषय सांगितला नाही. सांगितला असता तर तिने मला जाऊ दिले नसते.

नाव पुकारल्यावर उभी राहिले. विषाणूच्या वादाच्या दोन्ही बाजू कशाबशा मांडल्या. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "पहिला सापडलेला माणूस हा पहिला आजारी पडलेला माणूस असतोच असे नाही. ज्याची तपासणी आधी, तो आधी सापडतो. ह्याच देवळात आपण देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावतो. पाकळी पडली नाही तर थांबतो. कुणी ती बोटाने पाडत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना अजून ठरवता आलेले नाही. आम्ही मात्र एका दिवसात ठरवले."

कौलाचे बोलायला नको होते की काय, असे वाटून मी खाली ठेवलेला कागद उचलला. आई खांबाआड खाली मान घालून बसली होती.

तेवढ्यात शेजारचे काका मोठ्याने हसले. "अरे, मग पैलो मीच! हिच्या आवशीची तपासणी होवच्या आधी माझी चव गेलली. माशाचां हुमण तोंडात घातलंय तर नुसतां पाणी!"

काकी ताडकन उभ्या राहिल्या. दरवर्षी मांडावर बायकांना जमवतात त्या ह्याच. "म्हणान तुमी वाटी सरकवलात? माका म्हटलात, इतकी वर्सां झाली, तुका हुमण करूक येना! मी चुलीकडे बसान रडलंय!"

"माका काय म्हायत, रोग तो?"

"आणि खोकत खोकत सगळ्या वाड्यार फिरलात!"

लोक पोट धरून हसले. हसता हसता मागून कोणीतरी म्हणाले, आमच्याही घरात तेव्हा दोघांना ताप होता, आम्ही काढा पिऊन गप्प बसलो होतो. आणखी एकीने मान हलवली. काकी मात्र हसल्या नाहीत. त्या खांबाकडे बघत राहिल्या.

बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळाले. मला त्याचे काहीच वाटले नाही, हे अगदी खरे सांगते.

पौषात एका सकाळी अंगणात पावले वाजली. काकी बाहेरूनच ओरडल्या, "गो, येतंस मगे? मांड सारवूक जावचां हा."

आई दारात आली. "आता आठवण झाली?"

"झाली. चुकला आमचा. आता रागव, नायतर चल. दोन वर्सां गाणां कोणाक धड उचलूक येना. मेली सगळी बेसूर."

"माझे गुडघे दुखतत," आई म्हणाली.

"दुखूंदेत. गळो दुखता काय?"

आईने पदर खोचला, शेणाची बादली उचलली आणि सगळ्या बायकांच्या पुढे चालू लागली. मांड यायच्या आधीच, काजूच्या झाडांमधल्या वाटेवर, तिने गाणे उचलले. मागून सगळ्यांनी धरले. मला शब्द येत नव्हते, तरी मीही मोठ्याने धरले.