तीन नंबरच्या खिडकीतली पेन्सिल

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पाच खिडक्या आहेत, पण रांग लागते ती तिसरीसमोर. तिथल्या बाई पदवीचे अर्ज तपासतात आणि शिक्का मारतात. सव्वीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. मुलं त्यांना तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की पेन्सिलबाई. बाईंना ते माहीत आहे. "नाव ठेवायचंच होतं तर कामाचं ठेवलं," असं त्या शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाला सांगतात.

पेन्सिल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली असते. कोणी अर्ज पुढे केला की बाई तो घेतच नाहीत. आधी एक पाठकोरा कागद सरकवतात. "तीन वर्षांत काय काय पास झालास, ते आठवून लिही. मोबाइल खिशात."

मुलं वैतागतात. सगळं कॉम्प्युटरवर दिसत असताना हा काय छळ? बाई वाद घालत नाहीत. माणूस नेमका कोणता विषय लिहायला विसरतो, ते त्या बघत असतात. जे नकोसं असतं तेच विसरलं जातं, आणि बहुतेक वेळा राहिलेलंही तेच असतं.

हे त्या कुठल्या पुस्तकात शिकल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा एक पेपर राहिला होता. संख्याशास्त्राचा. पुढच्या वर्षी देऊ म्हणाल्या, मग लग्न झालं, मुलगा झाला, सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि बढतीच्या अर्जावर 'पदवी' या रकान्यात त्या वर्षानुवर्षं रेघ मारत राहिल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी तो पेपर दिला. मग पदवीचा अर्ज भरायला रजा टाकून स्वतःच्याच खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी आत बसलेल्या शेजारच्या कारकुनाने त्यांना ओळखपत्र मागितलं. बाईंनी ते दाखवलंही. त्यावर दोघं अजून हसतात.

रांगेतल्या पोरांना शिक्क्याबरोबर चार गोष्टी फुकट मिळतात. उपाशीपोटी रांगेत उभं राहू नये. खोलीतलं बाकी काही धुतलं नाही तरी उशीची खोळ दर रविवारी धुवावी. शिक्षकांकडे नापास व्हायच्या आधी जावं, नंतर तर सगळेच जातात. बाई हे सांगताना वर बघतसुद्धा नाहीत, म्हणूनच बहुधा मुलं ऐकून घेतात.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला, रसायनशास्त्राची एक उंच मुलगी खिडकीशी आली. खांद्याला निळी पिशवी. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरली होती. फक्त पदवी यंदा हातात पडायला हवी होती. तिने पेन्सिल घेतली आणि भराभर यादी लिहून दिली.

बाईंनी यादी वाचली, मग पडद्यावर बघितलं, मग पुन्हा यादी.

"प्रयोगशाळा सुरक्षा कुठे आहे? पहिल्या वर्षाचा, दोन क्रेडिटचा?"

मुलीचा चेहरा उतरला. "माझी क्रेडिटं पूर्ण आहेत, मॅडम. उलट मी एक विषय जास्तीचा केलाय."

"बेरीज बरोबर आहे तुझी. पण ही किराणाची पिशवी नाही, मीठ राहिलं म्हणून साखर जास्त घेतली की भागलं. हा विषय सक्तीचा आहे. तीन मेल गेलेत तुला."

मुलीने मोबाइल काढला. न वाचलेल्या मेलचा आकडा हजाराच्या वर गेला होता. तिने तो बाईंना दिसू नये म्हणून हाताने झाकला, पण बाईंनी बघायचं ते बघितलं होतं.

"का राहिला?"

मुलगी गजाकडे बघत बोलली. पहिल्याच तासाला तिच्या हातून काचेचा मोठा नळा फुटला होता. सर सगळ्यांसमोर बोलले होते. ती रडत बाहेर पडली आणि पुन्हा त्या वर्गात गेलीच नाही. पुढच्या प्रयोगांना तात्पुरत्या परवानगीच्या चिठ्ठीवर बसत राहिली. त्या सरांच्या मजल्यावरूनसुद्धा तीन वर्षांत गेली नव्हती. लांबच्या जिन्याने चढायची.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आमचंही बघा की."

"तुझंच बघतेय. ऐकून ठेव," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढलं. पानं हाताळून मऊ झालेली. कलम चौदा: एखादा सक्तीचा अभ्यासक्रम राहिला असेल, आणि तो निकालाआधी पूर्ण करून घेण्याची हमी संबंधित शिक्षकांनी लेखी दिली, तर मुदतीच्या आत आलेला अर्ज स्वीकारता येतो. बाईंनी त्या ओळीखाली बोट धरलं.

"सरांचं पत्र आण. पाचच्या आत."

"मॅडम, तुम्ही त्यांना फोन कराल का?"

बाईंचा हात फोनकडे गेलाच होता. सरांनी त्यांचं ऐकलं असतं. दोन मिनिटांचं काम. पण हात त्यांनी परत आणला.

"नाही गं. मी आज फोन केला तर उद्या नोकरीत तू लांबचा जिना शोधशील. जा. आणि जाताना काहीतरी खा."

मुलगी गेली. बाईंनी पुढचा कागद सरकवला, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. पोरगी सरळ घरी गेली तर? फोन करायला हवा होता का? स्वतःच्या वेळेला आपल्याला कोणी एवढं सांगितलं असतं तर गेलो असतो का, याचं उत्तर त्यांना ठामपणे देता येईना.

अडीच वाजता फोन वाजला. एका बाईंचा घाबरा आवाज. मुलीची आई. "ती सकाळी शिक्का मारून घ्यायला गेलीय, अजून फोन नाही. काही अडलंय का हो?"

"मला सांगता येणार नाही, ताई. तिचं काम ती करतेय."

"बरं. मी फोन केला होता हे सांगू नका तिला. चिडते."

"नाही सांगणार. पण तुम्ही तिला फोन कराल तेव्हा अर्जाचं विचारू नका. जेवलीस का, असंही नको. त्याला हो म्हणून मोकळी होतात पोरं. काय जेवलीस, असं विचारा."

"हे कधी सुचलंच नाही मला," आई म्हणाली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी रांग संपली. शेजारच्या कारकुनाने टेबल आवरलं. "येत नाही ती," तो म्हणाला. बाईंनी शिक्क्याची पेटी उघडी ठेवली.

पाचला दहा मिनिटं असताना मुलगी धावत आली. हातात सरांच्या सहीचं पत्र. श्वास लागलेला.

"एकामागून एक तास चालू होते त्यांचे, बाहेर बसून राहिले. मॅडम, त्यांना मी आठवतच नाही. नळ्याचं सांगितलं, माफी मागितली, तर म्हणे, कुठला नळा? तीन वर्षं मी लांबच्या जिन्याने गेले, मॅडम."

"त्यांचे वर्षाला चाळीस नळे फुटतात. कोणाकोणाचा लक्षात ठेवतील?" बाई म्हणाल्या. "वर्ग कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात, पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर. पुढच्या बाकावर बस म्हणाले."

बाईंनी पाठकोरा कागद सरकवला. "परत लिही."

"आत्ता? पाचला आठच मिनिटं आहेत."

"मग वेळ कशाला घालवतेस?"

मुलीने लिहिलं. या वेळी प्रयोगशाळा सुरक्षा सगळ्यात वर होतं, आणि पुढे कंसात 'बाकी'. बाईंनी यादी, पत्र आणि अर्ज एकत्र टाचले, सही केली आणि शिक्का मारला. दोनदा, कारण पहिल्यांदा शाई फिकी उठली.

तेवढ्यात मुलीचा मोबाइल वाजला.

"हां आई." ती गजाला टेकली. "काय जेवले? अगं..." तिने बाईंकडे बघितलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही. "काहीच नाही जेवले. सकाळपासून काहीच नाही. सांगते तुला, सगळं सांगते."

बाईंनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा पुडा काढला, गजांच्या खालून सरकवला आणि मग खिडकी लावली.