परत म्हणणारा कॅप्टन

कॅप्टनला काहीही सांगा, तो ते आधी परत म्हणायचा. 'चपला बाहेर काढ' म्हटलं की 'चपला बाहेर काढतो' म्हणायचा आणि मगच काढायचा. विमानातली शिस्त ती. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरने रेडिओवर दिलेली सूचना पायलटने परत म्हणायची, चुकली तर टॉवर लगेच सुधारतो. हा पठ्ठ्या रीडिंग गावातल्या माझ्या घरच्या किचनमध्येही तेच करायचा, इंग्रजीत.

तो कुठला कॅप्टन! चीनहून विमान चालवायला शिकायला आलेला पोरगा. त्याचं खरं नाव कितीदा घोकलं तरी मला नीट म्हणता येईना, म्हणून कॅप्टन. आणि मी त्यांच्या फ्लाइंग स्कूलमध्ये उच्चार शिकवायचे! नागपूरच्या बाईने चिनी पोरांना इंग्रजी शिकवायचं, तेही इंग्लंडात. आमचे हे हयात असते तर पोट धरून हसले असते.

कॅप्टन शब्दांचे शेवट गिळायचा, ते लवकर सुधारलं. खरी अडचण निराळीच होती. रेडिओवरची ठरलेली वाक्यं तो घडाघडा म्हणे, पण 'काल काय केलंस?' विचारलं की तोंडाला कुलूप. पायलटांच्या इंग्रजीच्या परीक्षेत तर मनाने बोलावं लागतं. एकदा नापास झाला होता, पुन्हा झाला असता तर थेट घरी रवानगी. म्हणून त्याला रविवारी घरी बोलवायला लागले. खरं सांगते, घर मलाही खायला उठायचं.

पोह्यांसाठी 'कांदा बारीक चीर' म्हटलं की 'कांदा बारीक चिरतो'. मी वैतागून म्हणायचे, "अरे, तुझं काहीतरी बोल की."

"माझं काहीतरी बोलतो," तो गंभीरपणे परत म्हणायचा आणि पुन्हा कांदा चिरायला लागायचा.

एका रविवारी लीड्सहून लेकीचा फोन आला. "सॉरी आई, हॉस्पिटलमध्ये ऑन-कॉल ड्यूटी लागलीय. दिवाळीला जमत नाहीये." मी म्हटलं, "चालेल गं, मी मजेत आहे," आणि फोन ठेवला.

कॅप्टनला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. "टीचर, काय म्हणालात?"

"मुलीला म्हटलं, आय ॲम फाइन."

हे मात्र त्याने परत म्हटलं नाही. सुरी खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही फाइन नाही. मीही आईला दर रविवारी फाइन सांगतो. मग खोलीत जाऊन पडून राहतो." आणि बोलतच राहिला. पोहे गार झाले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता.

तो पास झाला. पास झाला म्हणजे जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हीथ्रोवर मी म्हटलं, "वेळेवर जेव. पोचलास की फोन कर."

त्याने दोन्ही परत म्हटलं. मग म्हणाला, "आता टॉवर मी. मुलीला खरं सांगा. परत म्हणा, टीचर."

"मुलीला खरं सांगेन."

"करेक्ट," म्हणाला आणि सिक्युरिटीच्या रांगेत शिरला.

पुढच्या रविवारी लेकीचा फोन आला. "आई, कशी आहेस?"

"मजेत," मी म्हटलं. चूक सुधारायला किचनमध्ये कोणी नव्हतं.