आमचं बाळ चावत नाही

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत. शिकवणीच्या गाडीत बाईंच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता. शिकणारा खांब, भिंत किंवा सायकलवाला यांपैकी काहीही गाठायच्या आत बाईंचे पाय आपलं काम करून मोकळे होत. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला एकच ओरखडा आला होता, आणि तोही गाडी उभी असताना. आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा नियम. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो हमखास चुकीचं पेडल दाबतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. दिवसभर गिळलेला राग त्या रोज संध्याकाळी घरी भांड्यांवर काढत. नवरा शहाणा होता, तेवढा वेळ तो गॅलरीत उभा राही.

तर त्या सोमवारी सकाळी पावणेसात वाजता बाई दुसऱ्या मजल्यावरून खाली निघाल्या होत्या. पहिल्या मजल्यावर मॅनेजरकाका राहत. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, काकू जाऊन तीन. आठ महिन्यांपूर्वी मुलीची दुसऱ्या शहरात बदली झाली आणि ती ‘चार दिवस सांभाळा’ म्हणून आपला कुत्रा वडिलांकडे सोडून गेली. राखाडी रंगाचा, मध्यम चणीचा, कायम कुणावर तरी रुसल्यासारखा दिसणारा कुत्रा. काका त्याला ‘बाळ’ म्हणत.

काकांचं दार सताड उघडं होतं. बाळ बाहेर आला, भुंकला नाही, गुरगुरला नाही. सरळ बाईंच्या डाव्या पोटरीत दात रोवून मोकळा झाला.

“अहो, पळू नका, पळू नका!” वर्तमानपत्र हातात घेऊन काका बाहेर आले.

“पळतंय कोण, काका? पाय कुठे मोकळा आहे माझा?”

काकांनी पट्टा ओढून कुत्र्याला मागे घेतलं. बाईंच्या सलवारीला चार भोकं पडली होती आणि त्यातून रक्त घोट्याकडे निघालं होतं. ते पाहून काका म्हणाले, “आमचं बाळ चावत नाही हो. तुम्ही किल्ल्या वाजवल्या असतील.”

बाईंनी जागच्या जागी डोळे मिटले आणि दहापर्यंत आकडे मोजायला घेतले. सातपर्यंत पोहोचल्या तोच काका म्हणाले, “आणि तुम्ही उतरताही जरा धाडधाड.”

घरी नवऱ्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटं नळाखाली जखम धुतली. साबणाने आग होत होती, पण त्याहून जास्त आग डोक्यात होती. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “कुत्र्याला रेबीजची लस दिलेली आहे का?”

बाईंनी काकांना फोन लावला.

“दिलेलीच असणार की.”

“असणार म्हणजे? दिली आहे की नाही?”

“मुलीने दिली असणार. तिचं सगळं वेळच्या वेळी असतं.”

“कार्ड आहे का?”

“कार्ड तिच्याकडे.”

“मग तिला विचारा.”

“ती कामात असते हो. उगाच कशाला तिला त्रास?”

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकलं आणि शांतपणे सुई भरायला घेतली. “आम्ही ‘असणार’वर थांबत नाही,” त्या म्हणाल्या. जखमेत औषध टोचलं, दंडात लस दिली, आणखी चार वेळा यायच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. “आणि दहा दिवस त्या कुत्र्यावर लक्ष ठेवा. तो आजारी पडला, मेला किंवा हरवला तर लगेच कळवा.”

म्हणजे चावून घ्यायचं बाईंनी, सुया घ्यायच्या बाईंनी, आणि वर कुत्र्याची तब्येतही बाईंनीच सांभाळायची!

घरी दोन पक्ष पडले होते. नवऱ्याने नगरपालिकेच्या तक्रारीचा नमुना छापून आणला होता. “आज तुझा पाय, उद्या कुणा लेकराचा गळा. अर्ज द्यायचा म्हणजे द्यायचा.” सासूबाईंचं म्हणणं, “म्हातारा एकटा आहे. कुत्रा उचलून नेला तर त्याचे शाप कुणाला लागतील? शेजारी जन्माचा असतो.” दोघंही बाईंशी बोलत होते, पण ऐकवत होते एकमेकांना. मंगळवारी हाच तमाशा जेवणाच्या दोन्ही वेळांना झाला. पाय कसा आहे, हे मात्र दोन दिवसांत कुणी विचारलं नाही.

बुधवारी बाई कामावर गेल्या. पट्टी बांधून, हट्टाने. पहिलाच विद्यार्थी एक केशकर्तनकार होता, हात मोठा हलका, पाय मात्र शिशाचे. तो वळणावर गाडी कचराकुंडीकडे घेऊन निघाला. बाईंनी सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

“अरे थांब ना, बाबा!” त्या किंचाळल्या.

गाडी कचराकुंडीपासून वीतभर अंतरावर आचके देऊन बंद पडली. केशकर्तनकार पांढराफटक. बावीस वर्षांत बाई पहिल्यांदा ओरडल्या होत्या. त्यांना त्याचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागून असा संताप आला की त्यांनी उरलेल्या शिकवण्या रद्द केल्या, घरी येऊन अर्ज लिहायला घेतला.

पण न सांगता पाठीमागून अर्ज देणं त्यांना पटेना. गुरुवारी सकाळी तो कागद घेऊन त्या पहिल्या मजल्यावर गेल्या. काकांनी दार उघडलं. कुत्रा आतल्या खोलीत कोंडलेला होता, दारावर पंजे घासत होता.

“काका, मी ही तक्रार देणार आहे. आधी तुम्ही वाचा. काही खोटं असेल तर सांगा.”

काकांनी चष्मा लावला, कर्जाचा अर्ज तपासावा तसा तो कागद ओळ न् ओळ वाचला आणि खिशातलं पेन काढलं.

“इथे ‘कुत्रा चावला’ असं नको. ‘कुत्र्याने चावा घेतला’ लिहा. अर्जाची भाषा असते एक.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. “काका, तुम्ही माझ्या तक्रारीचं शुद्धलेखन तपासताय? माफी राहिली बाजूलाच!”

“लिहायचं तर नीट लिहावं,” काका म्हणाले आणि ‘नगरपालिका’मधली वेलांटी दुरुस्त करायला हात पुढे केला. त्यांची लांब बाही वर सरकली. मनगटाच्या वर एक मळकट फडकं बांधलेलं होतं.

बाईंनी ते पाहिलं. काकांनी बाही खाली ओढली.

“ते काय?”

“काही नाही. दार लागलं.”

“दाराला दात फुटले का, काका?”

काकांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “रविवारी. कान पुसायला गेलो तर... त्याआधीही एकदा झालं होतं. एवढं खोल नव्हतं.”

“रविवारी! म्हणजे माझ्या आदल्या दिवशी! तो चावतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही दार सताड उघडं ठेवून पेपर वाचत बसलात? वर मलाच सांगता, किल्ल्या वाजवल्या असतील?”

“मुलीला कळलं असतं तर ती घेऊन गेली असती त्याला,” काका खाली बघत म्हणाले. “दिवसभर घरात मग आवाज नसतो हो कसला.”

बाईंचा राग तसूभरही कमी झाला नाही. उलट वाढला. हे म्हातारं चार दिवस ती जखम बाहीत लपवून फिरत होतं, आणि लस सोडा, त्याने साधा साबणही लावला नसणार.

“चपला घाला,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“दवाखान्यात. माझी आज दुसरी सुई आहे. तुमची पहिली. एक शब्द बोललात तर इथेच ओरडेन, आणि मला आता ओरडता येतं.”

दवाखान्याच्या बाकावर बसून बाईंनी काकांकडून नंबर घेतला आणि मुलीला स्वतःच फोन लावला. मुलगी रडायलाच लागली. कार्ड होतं, पण शेवटची लस वीस महिन्यांपूर्वीची. पुढची तारीख बदलीच्या धावपळीत राहून गेली होती. सगळं वेळच्या वेळी करणारी हीच ती मुलगी!

परतताना बाईंनी गाडी नगरपालिकेसमोर उभी केली. काका चपापले. “आता कशाला? मी सुई घेतली की.”

“ती तुमच्यासाठी घेतलीत. अर्ज बाकीच्यांसाठी आहे. आणि त्यात मी एक ओळ वाढवली आहे, मालकालाही चावा घेतला म्हणून. तुमच्याच भाषेत. सही करा.”

काकांनी थोडी कुरकुर केली, पण सही केली. पूर्ण नावानिशी, तारखेसकट.

ज्याची सासूबाईंना भीती होती आणि नवऱ्याला आशा, तसं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी एक निरीक्षक आले, कुत्र्याला लांबून पाहिलं आणि लेखी बजावून गेले. दहा दिवस घरातच बांधून ठेवायचं, नंतर लस द्यायची, जिन्यात तोंडाला जाळी आणि गळ्यात पट्टा असल्याशिवाय आणायचं नाही. कुत्रा कुणी उचलून नेला नाही. नवरा म्हणाला, “एवढंच?” सासूबाई म्हणाल्या, “एवढं तरी कशाला?”

दहा दिवस बाई रोज कामावर जाताना काकांच्या दाराची बेल वाजवून विचारत, “जेवला का?” काका दाराच्या फटीतून सांगत, “जेवला.” दहाव्या दिवसानंतर मुलगी रजा काढून आली आणि कुत्र्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डाव्या कानात खोलवर पू झाला होता. हात लावला की कळ डोक्यात जात असणार. औषध सुरू झालं.

मुलगी पडलेल्या चेहऱ्याने बाईंकडे वर आली. “मावशी, तुम्हीच सांगा. ठेवू का त्याला बाबांकडे, की घेऊन जाऊ?”

“हे बघ,” बाई म्हणाल्या, “तुझे बाबा, तुझा कुत्रा. नियम निरीक्षकांनी लिहून दिले आहेत, ते पाळणार असाल तर ठेवा. तुमच्या घरातली पंचाईत माझ्या पोटरीवर सोडवू नका.”

कुत्रा राहिला. नियमही पाळले गेले, कारण लेखी होते आणि काकांचा लेखी गोष्टींवर विश्वास होता. माफी मात्र त्यांनी मागितलीच नाही.

काकांच्या चार सुया बाकी होत्या. बाईंच्या आणि त्यांच्या तारखा पुढे एकदाही जुळल्या नाहीत, आणि काका एकटे जायला तयार होईनात. नवरा म्हणाला, “रिक्षात बसव त्यांना.” बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गॅलरीत गेला.

शेवटच्या सुईनंतर काका शिकवणीच्या गाडीत बाईंशेजारी बसले, दंड चोळत म्हणाले, “जरा हळू घ्या. खड्ड्यात हात ठणकतो.” बाईंनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मागून एक टेम्पो भोंगा बडवत होता. बडवू दे, म्हणत त्या घरापर्यंत तशाच हळू आल्या.