आक्कांचा दोन फाशांचा नियम

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. पुतण्या पलीकडून रडत होता. "निघतोच आम्ही," एवढं म्हणून मी दूध उतू न देता नीट उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. तीन आठवडे झाले, अजून आलेलं नाही...

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. नेवाशाजवळच्या त्या घरात मी सून म्हणून गेले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी राहुरीच्या एका शाळेतून मला मुलाखतीचं पत्र आलं. शाळेचं पत्र आहे असं सांगून पोस्टमनने ते आक्कांच्या हाती दिलं आणि त्यांनी ते पिठाच्या डब्याखाली दडवलं. मला सापडलं तेव्हा मुलाखत होऊन महिना उलटला होता. पुढे नोकरी लागायला चार वर्षं गेली. तेवढा काळ मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. आम्ही राहुरीला आलो आणि तेही थांबलं.

दोन वर्षांपूर्वी गोठ्यात पाय घसरून त्यांचं हाड मोडलं. मुलगा-सून नाशिकला नोकरीला. माझ्या नवऱ्याने मला न विचारता वहिनीला आमच्याकडे आणलं. सहा आठवडे प्लास्टर! पहिले चार दिवस त्या खोलीत फक्त टीव्ही बोलला. पाचव्या दिवशी कपाट आवरताना माझ्या मुलाच्या लढाईच्या कार्डांचा जुना डबा निघाला. राक्षस, गरुड, योद्धे. प्रत्येकावर ताकदीचा आकडा. एका जातीची तीन जमली की त्यांची ताकद दुप्पट. दोघांनी वीस-वीस कार्डं निवडायची आणि मग एकमेकांवर सोडायची. वेळ जाईना म्हणून आम्ही मांडला खेळ, पण निवडतानाच जुंपली.

"चांगली चांगली तूच उचलतीस."

"आक्का, हात आधी तुमचा पडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सापशिडीचा आणि लुडोचा फासा मागून घेतला. "सहा कार्डं वळीनं मांड. दोनी फासे टाकायचे. येतील त्या दोन नंबरांची कार्डं घ्यायची. टाकनारनीनं एक ठिवायचं, दुसरं समोरचीला द्यायचं. दोनी आकडे सारकेच आले तर परत टाकायचं." शाळेची पायरी न चढलेल्या बाईने रात्रीतून हे रचलं होतं. आमचं भांडण मिटलं, कारण आता दर डावाला काहीतरी द्यावंच लागे.

एकदा माझे दोन गरुड जमले होते. आक्कांनी फासे टाकले. गरुड आणि एक दांडगा राक्षस आला. त्यांनी गरुड ठेवला, राक्षस माझ्याकडे सरकवला.

"गरुड तुमच्या काय कामाचा?"

"माज्या न्हाई. पन तुला मिळू द्यायचा न्हाई."

माझा हात थांबला. "म्हणूनच पत्र दडवलंत?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "व्हय. तू पर्स अडकवून निगाली असतीस अन् मी चुलीम्होरं. मला कुनी शाळंत घातलं न्हाई. तुला मातर समदं मिळायचं?"

"निदान माफी तरी मागा."

"कशापायी? आजबी तसंच करीन."

मी सगळी कार्डं जमिनीवर भिरकावली. प्लास्टरच्या पायाने त्यांना वाकता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती तशीच पडू दिली मी, त्यांच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी मात्र मीच गोळा करून मांडली, कारण मला जिंकायचं होतं. प्लास्टर निघेपर्यंत आम्ही रोज खेळलो. बहुतेक डाव त्यांनीच मारले. मग त्या गावी परत गेल्या. नंतर भेटायला मी गेले नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या निवृत्त बाईंना मी हा खेळ शिकवला. तीन डाव झाल्यावर त्या म्हणाल्या, "शोभाताई, ही दोन फाशांची युक्ती भारीच हो! कुणी काढली?"

"मीच," मी म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही.

बाई गेल्या. मी दार लावलं आणि हे लिहायला बसले.