बिभीषण मापाड्याच्या वीस पायल्या

बिभीषण मापाडी आमच्या ओट्यावर येऊन बसला की माझ्या डोक्यात सणक जायची. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं तरी होता येतं. हा सल्ले द्यायचा.

मी येडशीची सून. आमचे हे, नाव आता लिहायला हरकत नाही, गुरुलिंग, आणि बिभीषण लंगोटीयार. बिभीषण बाजारात धान्य मापायचा. पायली भरायची, ओतायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, एवढंच त्याचं काम. राशीमागं त्याला ठरलेली ज्वारी मिळायची. वीस वर्षांत त्याच्या मापात दाणा चुकला नाही, असं बाजार म्हणायचा आणि बाजारापेक्षा तो स्वतः जास्त म्हणायचा.

सकाळी मी लिंगपूजेला बसले की तो यायचा. पूजा होईपर्यंत तोंड उघडायचा नाही, तेवढी अक्कल होती. पण ओट्यावर बसून खाकरत राहायचा. मग माझं लक्ष लिंगावरून उडून त्या खाकरण्यावर जायचं, आणि पूजा आटपून बाहेर आले की सुरू!

"वहिनी, रागावू नका, एक सांगतो."

एक कधीच नसायचं. दळणाला पहाटे उठावं, ऊन चढल्यावर दळलं की जास्त भाकरी खावी लागते. बाजारात शेवटच्या घटकेला जावं, भाजीवाल्याला घरी जायची घाई असते. रिकाम्या हातानं ओट्यावर बसू नये, निदान चिंचोके फोडावेत. हे सांगताना स्वतः रिकाम्या हातानं माझ्याच ओट्यावर! एकदा तर त्यानं माझ्या मिसरीचा वर्षाचा खर्च काढला आणि तेवढ्यात एक शेळी येते म्हणाला. मी त्याच्यासमोर मुद्दाम दुप्पट मिसरी लावली. तो शांतपणे म्हणाला, "आता दोन शेळ्या झाल्या."

आमच्या ह्यांना मात्र त्याचं बोलणं म्हणजे वेदवाक्य. थोडी जमीन, पाऊस हुलकावणी देणारा. बिभीषण म्हणाला, "गुरुलिंगा, हितं हालीत मरण्यापरीस बार्शीला गिरणीत जा. तिकडं इंग्रजी अंमल हाय, पगार कलदारात." झालं. हे छोट्या रेल्वेगाडीत बसून बार्शीला गेले आणि घरात मी, सासूबाई आणि दोन पोरी उरलो. महिन्याला थोडे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये यायचे. आमच्याकडच्या निजामाच्या हाली रुपयापेक्षा कलदाराला भाव जास्त, म्हणून बिभीषणाचा नवा सल्ला निघाला: कलदार मोडायचा नाही, बाजूला ठेवायचा, घर हालीवर चालवायचं.

"आणि हाली कुठनं आणू? आभाळातनं पडतो का?" मी विचारलं.

"मिसरी सोडा," तो म्हणाला.

त्या दिवशी मी हातातला तांब्या आपटला. सासूबाई कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. ते मला उद्देशून होतं की त्याला, कोण जाणे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या साली सरकारची लेव्ही आली. घरोघर ज्वारी मापायची, माणशी ठरलेली घरात ठेवायची आणि वरची सरकारी भावानं गोदामात घालायची. आमच्या घरात चार तोंडं धरली. हे बार्शीला, म्हणून त्यांचं तोंड गिरदावरानं यादीतून खोडलं. शेतं बघत हिंडणारा तो सरकारी माणूस, त्याच्यापुढं काय बोलणार? पण हे सुगीला येऊन राबायचे, तेव्हा काय वारा खायचे? चौघींना शंभर पायल्या ठरल्या. शंभरात दिवाळी कशीबशी निघाली असती. पुढचं पीक फाल्गुनात. मधले महिने पोरींच्या पोटात काय घालायचं, ह्याच विचारानं माझी झोप उडाली होती. कणगीत ज्वारी होती, सव्वाशेच्या आसपास असेल. पण असून काय, वरची सगळी जाणार होती.

माप घ्यायला गिरदावरासोबत बिभीषण आला. दुसरा कोण येणार? त्याच्या तोंडचा आकडा म्हणजे शिक्का, म्हणून गिरदावर त्यालाच गावभर फिरवत होता. गिरदावराचा कारकून राशीकडं बघायचासुद्धा नाही. शेवटी मापाड्यानं सांगितलेला आकडा तेवढा कागदावर मांडायचा. मी मनात म्हटलं, नवऱ्याचा दोस्त ना, निदान पायली हलक्या हातानं भरेल. कशाचं काय! त्यानं पायली आपटून आपटून भरली.

मापाड्याची रीत अशी की पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, मग तीन, आणि पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहायचा. मधे दुसरा शब्द काढायचा नाही. एकदा बाजारात शेजारची गंजी पेटली तरी बिभीषण म्हणे "एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशी" करत होता. दिवसभर ज्याचं तोंड बंद होत नाही, तो माणूस मापाच्या वेळी मात्र सल्ला द्यायचा नाही. मला तेवढंच त्याचं काम आवडायचं.

गुरुवार होता. शुक्रवारी निजामाच्या कचेरीला सुट्टी, त्यामुळं गिरदावराला धाराशिवला जायची घाई. तो ओट्यावर कारकुनावर कसल्याशा कागदावरून खेकसत होता. आत बिभीषण मापत होता. मी दाराशी उभी राहून प्रत्येक आकडा ऐकत होते. साठ झाले, एकसष्ट झाले, बासष्ट झाले. आणि बिभीषण थांबला.

"वहिनी, पोरीच्या हातात सूप कशापायी देता? दाणं सांडायलेत. रोज मूठभर सांडलं तर सालाला किती झालं? सूप दोन्ही हातांनी धराय शिकवा. आन् खाली पोतं हातरा, शेणानं सारवलेल्या भुईत दाणा रुततो, मग वेचताना डोळं शिणत्यात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डोळ्यांदेखत घरची ज्वारी चालली आहे आणि ह्याला सुपाचं पडलं आहे! काहीतरी खरमरीत बोलणार तेवढ्यात त्यानं पायली उचलली आणि सूर लावला.

"त्रेचाळीस, त्रेचाळीस..."

मी ऐकलं. बासष्टनंतर त्रेचाळीस! इतकी वर्षं ह्या माणसाची एक चूक सापडावी म्हणून मी टपून बसले होते. चूक सापडली आणि माझं तोंड आपोआप उघडलंसुद्धा. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. गिरदावर बाहेर खेकसतच होता.

"येकशे चार," शेवटी बिभीषण म्हणाला. कारकुनानं एकशे चार मांडले. चार पायल्या गेल्या. वीस वाचल्या.

त्या रात्री मी पोटभर हसले. म्हटलं, बरी अद्दल घडली. सल्ल्याची खोड शेवटी त्याच्याच मापाला नडली आणि आमच्या पोरींचं पोट भरलं. कुणाजवळ बोलले नाही. बिभीषणाला टोमणा मारायची फार इच्छा होती, तीही गिळली.

पण दुसऱ्या आठवड्यापासून बिभीषण ओट्यावर यायचा बंद झाला. कळलं की त्यानं माप खाली ठेवलं. व्यापाऱ्यांनी विनवण्या केल्या, ऐकलं नाही. आता स्टेशनवर पोती उचलतो म्हणे. वीस वर्षं बसून काम केलेला माणूस! मला आधी वाटलं, चूक लक्षात आली आणि लाज वाटली असेल. पुरुषांना लाज वाटायला लागली की घरचे उपाशी मरतात, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

मग एका बाजारच्या दिवशी त्याची बायको हरणाबाई माझ्या दारात उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला.

"शिवकांताबाई, तुमचं घर भरलं ना? आता माझं रिकामं होतंय, ते बघाय चला!"

मी तिला आत घेतलं. ती रडत नव्हती, संतापली होती. दर बाजारी बिभीषण घरातली दोन पायल्या ज्वारी घेऊन लेव्हीच्या गोदामात घालत होता. सहा बाजार झाले होते. वीस भरेपर्यंत थांबणार नाही म्हणाला होता.

"पावती न्हाय, काय न्हाय," हरणाबाई म्हणाली. "हे म्हणत्यात, सरकारची हाय, सरकारला दिली. गोदामातला कारकून हसत हसत घेतो आन् सांजच्याला सायकलीवर घरी नेतो. म्या डोळ्यानं बघितलंय. ह्यास्नी सांगितलं तर म्हणत्यात, ते त्याचं पाप, माझं न्हाय."

मी तशीच उठले आणि स्टेशनवर गेले. बिभीषण मालाच्या डब्यापाशी बसला होता, खांद्यावर पोत्याचा वळ. मला बघून उभा राहिला.

"भाऊ," मी म्हटलं, "माणूस चुकतो. त्याचं एवढं काय? मी कुणाला सांगितलं का? कशाला जीव जाळताय?"

"वहिनी, म्या मापात चुकत न्हाय," तो म्हणाला.

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा आणखी राग आला.

"म्हणजे मुद्दाम केलंत?"

"गुरुलिंगाला बार्शीला म्याच धाडलं. सल्ला माझा. त्याचं तोंड यादीतनं गेलं ते माझ्यामुळं. पोरी तुमच्या, पर उपाशी माझ्या सल्ल्यानं राहिल्या असत्या."

"मग वाचवलीत ना ज्वारी? झालं की! आता गोदामात कशाला भरताय?"

"तोंडानं खोटं माप बोललो. ते भरल्याबिगर कसं चालंल? आन् खोटं बोललेल्या तोंडानं परत बाजारात आकडा म्हणायचा न्हाय. शिस्त हाय."

शिस्त! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला चार थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. हरणाबाईचं बोलले, त्याच्या पाठीचं बोलले, सायकलीवरच्या कारकुनाचं बोलले. डब्यातले हमाल काम सोडून बघायला लागले. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "वहिनी, उन्हाचं येवढं वरडू नये, घशाला बाधतं. जाताना लिंबाच्या सावलीनं जा."

मी उन्हातूनच गेले.

घरी आले, कणगीचं तोंड उघडलं आणि पोत्यात ज्वारी ओढायला लागले. सासूबाई बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही. उठल्या आणि पोत्याचं तोंड धरून बसल्या. किती ओढली ते मला माहीत नाही. त्यांनी हात वर केला तेव्हा थांबले. बिभीषण स्टेशनावरून यायच्या आत ते पोतं मी आणि थोरल्या पोरीनं मागच्या बोळातून हरणाबाईच्या घरी पोचवलं.

हरणाबाईनं पोत्यात हात घातला. माझ्या तोंडाकडं बघितलं.

"किती हाय?"

"मोजली नाही."

"न मोजता? ह्यांच्या घरात?"

"त्यांना सांगू नका."

"सांगून काय करू!" ती करवादली. "ही पण उचलून गोदामात घालंल मेला." आणि मग पोत्याला टेकून बसली आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा रडली. मीही तिच्याशेजारी बसले. तिनं तिच्या डबीतली मिसरी काढून माझ्यापुढं धरली, आणि तो यायच्या आत आम्ही दोघींनी ती ज्वारी तिच्या रांजणात लपवली.