बोलाबाई आणि तीन अक्षरं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि ऐन वेळी ब्रेक दाबायचा, हे माझं काम. आमच्या गाडीत एक जादा ब्रेक असतो, तो शिकवणाऱ्याच्या पायाशी. थांबायचं कधी, हे समोरच्यावर सोडायची मला सवयच नाही. बोलाबाईंबद्दल सांगायचं तर आधी हे सांगायला हवं.

बोलाबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. भाजलेल्यांच्या वॉर्डात त्या ड्रेसिंग करायच्या. ठेंगणा बांधा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. रुग्णाची जुनी पट्टी उतरवायला घेतली की म्हणायच्या, "हं, बोला." म्हणून सगळा वॉर्ड त्यांना बोलाबाई म्हणे, आणि त्याही ओ देत.

माझे बाबा अरबी शिकवतात. जन्मभर तेच केलं. त्यांच्या जाडजूड शब्दकोशाचा पुठ्ठा निखळला होता. बाइंडरच्या हाती द्यायला जीव धजेना, म्हणून स्वतःच बांधायला बसले. स्टोव्हवर चिकटवायचा सरस तापत ठेवला आणि बाहीने पेट घेतला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कोशाला साधी झळही लागली नाही. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिलं ड्रेसिंग दुसऱ्याच कुणीतरी केलं. बाबांनी दात आवळून धरले, हूं की चूं केलं नाही, आणि मध्येच त्यांची शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात छातीशी धरला, त्याला कुणाला शिवूच देईनात. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "रोज पट्टी बदलून एकेक बोट वेगळं बांधलं नाही तर बोटं एकमेकांना चिकटून भरतील. मग त्या हातात खडू काही धरता येणार नाही." खडूशिवाय बाबा मला कधी आठवतच नाहीत.

मी त्यांच्यावर ओरडले, मग हातापाया पडले. बाबा भिंतीकडे बघत राहिले. आई गेल्यापासून ते असेच. कुठे दुखतंय खुपतंय, तोंडातून ब्र नाही. बोलायचे ते फक्त दुसऱ्याची चूक काढायला. बँकेतल्या माणसाचा उच्चार चुकला तरी ते त्याला सुधारून मगच सही करत.

तेव्हा बोलाबाई आल्या. ट्रे ठेवला, स्टूल ओढलं.

"मास्तर, काय शिकवता?"

"अरबी."

"मग अरबी बोला. माझा एकच नियम आहे. तुम्ही बोलत असेतो माझा हात चालेल. तुम्ही थांबलात की मी थांबेन. लगेच थांबेन."

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"नाही कळलं तर विचारीन की. मला गाडीचा क्लच कसा बसवतात ते माहीत आहे, मधमाश्यांची पेटी कशी उघडतात तेही. सगळं याच स्टुलावर शिकले. ओरडणाऱ्याची मला भीती नाही, मास्तर. गप्प बसणाऱ्याची वाटते."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बराच विचार करून हात पुढे केला.

"अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांवर उभे असतात," बाबा म्हणाले. "हे स्टूल जसं तीन पायांवर आहे तसं. अक्षरं तीच, वरचं बदलत जातं. घ्या, ज, ल, द. यातून जिल्द. जिल्द म्हणजे कातडी."

"ती तर माझ्या हातातच आहे," बोलाबाई म्हणाल्या. त्या पट्टीवर मिठाचं पाणी सोडत होत्या. पट्टी भिजून सुटेपर्यंत ओढायची नाही, अशी त्यांची पद्धत.

"त्यावरूनच पुस्तक बांधणं. बांधणारा तो मुजल्लिद. बांधून झालेला खंड तो मुजल्लद."

"म्हणजे पुस्तकालाही कातडी चढवायची."

"चढवायची," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मी तो किती दिवसांनी पाहत होते.

पुढे रोज तेच चाललं. मी दाराशी उभी राहून जिवाचा कान करून ऐकायची. हेच बाबा जेवणाच्या टेबलावर अरबी सुरू करायचे तेव्हा मी ताट उचलून पळायची. आता मला नवल वाटत होतं. तीन अक्षरं ती काय, आणि त्यांच्या पोटात केवढा संसार. कातडीवर बसणारा चाबकाचा फटका, तो जल्दा. फटके मारणारा जल्लाद.

"जल्लाद होय," बोलाबाई म्हणाल्या. "मला नवे पेशंट पाठीमागे तेच म्हणतात."

बाबा चक्क हसले. हसताना बोलणं तुटलं, तर बोलाबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. नियम म्हणजे नियम.

कडक, न खचणारी जमीन म्हणजे जलद. थंडीत दव गोठून कडक होतं ते जलीद. "बर्फ या घरात कसा आला म्हणाल, तर जुन्या कोशकारांनी कडकपणाचं नातं लावलंय," बाबा म्हणाले. "मला ते पुरतं पटत नाही, पण ते माझ्यापेक्षा शहाणे होते." बाबांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदा ऐकलं. आणि माणसाचा कणखरपणा, सोसण्याची ताकद, तोही जलदच.

"आपल्याकडे जलद म्हणजे घाई," बोलाबाई म्हणाल्या. "तुमचं बरं आहे. इथे तुमचंच लागतं."

मी त्यांचे हात पाहायची. एका हातात चिमटा, दुसऱ्यात ओला बोळा. बाबांचा आवाज जरा पातळ झाला की चिमटा सावकाश होई. आवाज सावरला की पुन्हा चाले. एवढ्या वर्षांत इतक्या माणसांच्या वेदनेशी बोलून त्यांच्या बोटांना हे आलं असावं. मी थक्क होऊन बघत राहायची. मला माझ्या शेजारी बसलेल्याचा श्वासही कधी ऐकू आला नव्हता.

एके दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली पट्टी अडली. तिथलीच जखम सगळ्यांत खोल होती. डॉक्टर सांगून गेले होते की ही फट आज मोकळी झालीच पाहिजे. बाबा सांगत होते, "याच तीन अक्षरांतून आणखी एक शब्द निघतो, तजल्लुद..." आणि ते गप्प झाले.

बोलाबाईंनी दोन्ही हात वर घेतले.

"अहो, एवढंसं तर राहिलंय," मी म्हणाले. "ओढून काढा ना एकदाची."

"मास्तर थांबलेत."

"त्यांचं काय ऐकता? बोटं जातील त्यांची."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. हात तसेच अधांतरी. मला त्यांचा भयंकर राग आला. माझा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक शोधत होता. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ही बाई वाट बघत बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे.

"फार दुखतंय," बाबा म्हणाले.

आई गेली तेव्हाही ते हे म्हणाले नव्हते.

"दुखणारच, मास्तर. बसते मी."

बाबांनी दोनतीन श्वास घेतले. मग स्वतःच हात पुढे सरकवला. "तजल्लुद म्हणजे अंगात बळ नसताना असल्यासारखं दाखवणं. चारचौघांत. मी ते पुष्कळ केलंय."

"इथे कुणासाठी करायचं? तुमच्या लेकीसाठी? ती तर केव्हाची रडतेय."

खरंच रडत होते मी. बाबा बोलत राहिले, कुणाकुणापुढे कधी तसं दाखवलं ते सांगत राहिले. त्यात आईचं नाव आलं, माझं आलं. बोलता बोलता पट्टी सुटली. फट मोकळी झाली.

करंगळी थोडी वाकडी राहिली. बाकी चारही बोटं नीट उघडतात, मिटतात, खडू धरतात.

शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, बोलाबाईंना हात दाखवून येऊ. ड्रेसिंगच्या खोलीत लाँड्रीत काम करणारी एक तरुण बाई होती. वाफेने गळा आणि तोंड भाजलेलं, सगळं पट्ट्यांत गुंडाळलेलं. तिला बोलताच येत नव्हतं. म्हणून बोलाबाई स्वतःच बोलत होत्या.

"ज, ल, द. जिल्द म्हणजे कातडी. पुस्तकालाही असते हं. बांधतो तो मुजल्लद. आणि जलिंद म्हणजे बर्फ..."

दोन चुका. मी बाबांकडे पाहिलं. आता हे आत शिरून दुरुस्त करणार, याची मला खात्री होती. बाबा दारात उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते. आत बोलाबाईंचा चिमटा जागच्या जागी घुटमळत होता. समोरचा आवाज नाही, तर थांबायचं कधी हे त्यांना कळत नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाबा आत गेले. पलंगाशी खुर्ची घेतली आणि आपला उजवा हात, नव्या गुलाबी कातडीचा, तिच्या बोटांखाली उताणा ठेवला.

"या हातावर बोट हलवत राहा, बाळ," ते तिला म्हणाले. "तुझं बोट थांबलं की मी सांगेन, आणि या थांबतील. लगेच थांबतात. मला माहीत आहे."

मग बोलाबाईंकडे बघून म्हणाले, "हं, बोला."

"तुमच्यासमोर? चुकलं तर, मास्तर?"

"चुकू दे."

त्या बाईचं बोट त्यांच्या तळहातावर हललं, आणि बोलाबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली.